ब्रेकबाईंचा दुसरा ब्रेक

ब्रेकबाईंचं आणि पंप कंपनीच्या साहेबांचं ‘काहीतरी’ आहे, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कोणी आणली याबद्दल आजही एकमत नाही. लाँड्रीवाला म्हणतो, बाईंच्या दिरानं. दीर म्हणतात, लाँड्रीवाल्यानं. इस्त्रीच्या कपड्यांबरोबर ती घरोघर पोचली, घडीसुद्धा मोडली नाही, एवढं मात्र खरं. एवढा मोठा साहेब, दिमतीला ड्रायव्हर, आणि सकाळी सकाळी काचा वर करून हिच्या खटारा गाडीत बसतो, तो काय गाडी शिकायला? मग एके दिवशी पंप कंपनीचे शेअर्स आपटले. गल्लीत ज्यांनी ज्यांनी ते घेतले होते त्यांचे हात पोळले आणि बाईंच्या दारात मात्र नवी कोरी गाडी येऊन उभी राहिली. तेव्हा त्या बातमीला पंखच फुटले. ‘काहीतरी’ मागे पडलं आणि पुढचं सुरू झालं: साहेबांनीच गाडीत बसून तिला आतली खबर दिली. कंपनी पडणार हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

लाँड्रीवाला हे सांगताना इस्त्री बाजूला उभी करून ठेवत असे. त्याच्या दृष्टीनं यापेक्षा मोठा पुरावा नव्हता.

ब्रेकबाई गाडी शिकवायच्या. एक गाळा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, तीन खुर्च्या आणि बाहेर ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेली एक गाडी, एवढी त्यांची शाळा. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक होता. शिकणारा घाबरला, गोंधळला, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबून बसला, की शेजारून बाईंचा पाय पडायचा आणि गाडी थांबायची. बाईंचं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं होतं. दुसऱ्या कोणाच्याही गाडीत बसल्या तरी त्यांचा उजवा पाय फरशी दाबत असे. नवरा हयात असताना घरी टीव्हीवर मोटारींचा पाठलाग लागला, की तो म्हणायचा, “अगं, पाय काढ. सोफा थांबलेलाच आहे.”

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. त्या ओरडायच्या नाहीत. मैदानाच्या टोकाला एक भिंत होती, शिकणाऱ्याला त्या भिंतीपर्यंत जाऊ द्यायच्या. अगदी जवळ. भिंतीवरचे पोपडे मोजता येतील इतकं जवळ. आणि मग ब्रेक. “भिंत दिसल्याशिवाय ब्रेक कळत नाही,” असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत त्या भिंतीला एक ओरखडा आला नाही. शिकणाऱ्यांच्या छातीत धडधड व्हायची ती वेगळी.

नवरा पंप कंपनीत फोरमन होता. कामगारांना कंपनीनं वेळोवेळी दिलेले शेअर्स त्यानं कधी विकले नाहीत. तो गेला आणि तेवढेच मागे राहिले. इकडे शाळेच्या गाडीचं वय झालं होतं. शिकवण्याच्या गाडीला ठरावीक वर्षांपुढे परवाना मिळत नाही, आणि ती वर्षं आता संपत आली होती. गाळा अर्धा बाईंचा, अर्धा दिराचा. दिरांना तो मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं द्यायचा होता. शोक पुरता ओसरायच्या आतच ते येऊन खुर्चीवर बसले.

“वहिनी, मी काही वाईट बोलत नाही. पण परवाना संपेल त्या दिवशी दारात नवी गाडी नसली, तर गाळ्याची किल्ली माझ्याकडे. चालेल ना?”

“चालेल, भाऊजी,” बाई म्हणाल्या. “आणि गाडी असली तर?”

“असली तर मी पुन्हा विषय काढणार नाही.” दीर हसले. गाडी कुठून येणार हे त्यांना दिसत नव्हतं.

बाईंना दिसत होतं. त्या दिवशीच्या भावानं शेअर्स विकले, तर नवी गाडी, दुसरा ब्रेक बसवण्याचा खर्च आणि परवान्याची फी, सगळं भागून वर थोडं उरत होतं. अडचण एकच. शेअर्स अजून नवऱ्याच्या नावावर होते. ते बाईंच्या नावावर यायला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालले होते, आणि त्यांची चाल मुंगीलाही लाज वाटेल अशी होती. तोवर विकता येत नव्हतं. तोवर भाव पडला तर गाडी गेली, गाळा गेला, आणि बाईंनी उरलेलं आयुष्य सोफ्यावर बसून फरशी दाबायची.

याच सुमारास चष्मेवाली शिकायला आली. पलीकडच्या रस्त्यावर शेअर दलालाचं ऑफिस होतं, तिथे ती कामाला होती. चष्मा जाड, आवाज बारीक. शेअर बाजारात भल्याभल्यांना समजावणारी ही मुलगी स्टिअरिंगवर बसली की तिची पाचावर धारण बसे. बाईंनी तिच्याशी सरळ व्यवहार केला: फी अर्धी, आणि बदल्यात बाजार शिकवायचा. शाळेत पाटी होती, ‘गाडीत गाडीचेच बोलावे’. ती पाटी बाईंनीच लिहिली होती, आणि मोडलीही त्यांनीच.

“कॉल म्हणजे,” चष्मेवाली स्टिअरिंगला जवळजवळ लोंबकळत म्हणाली, “आज थोडे पैसे द्यायचे आणि अमुक तारखेपर्यंत अमुक भावानं शेअर घेण्याचा हक्क विकत घ्यायचा. भाव वर गेला तर आपली चांदी.”

“आणि नाही गेला तर?”

“दिलेले पैसे गेले. त्याला प्रीमियम म्हणतात.”

“क्लच.”

“काय?”

“क्लच सोडलास. गाडी हुंदके देतेय, ऐकू येत नाही? हां. आणि दुसरं ते काय, पुट?”

“पुट म्हणजे याच्या उलट. ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. बाजारात भाव कोसळला तरी समोरच्याला आपला ठरलेला भाव द्यावाच लागतो.”

“समोरचा म्हणजे कोण?”

“असतो कोणीतरी, मावशी. आपल्याला दिसत नाही.”

“बरं. तुला दिसणारा एक सायकलवाला डावीकडून येतोय, आधी त्याचं बघ.”

असे धडे सुरू झाले. चष्मेवालीनं पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, की नवशिके यात पैसे घालवतात, बहुतेक सगळेच घालवतात. आधी कागदावर खेळा. बाईंनी चार दिवस कागदावर खेळून पाहिलं. कागदावर त्या फारच हुशार निघाल्या, आणि तिथेच घात झाला. ऑप्शन स्वस्त असतो, मुदत जवळ आली की आणखीच स्वस्त. आवळा देऊन कोहळा काढायची ही नामी संधी बाईंनी हेरली. चष्मेवालीला न सांगता त्यांनी मुदत संपत आलेले कॉल घेतले. पहिला लागला. बाईंनी शाळेच्या खुर्च्यांना नवीन गाद्या केल्या. दुसराही लागला. आता त्या चालताना किंचित तिरक्या चालू लागल्या, असं लाँड्रीवाल्याचं म्हणणं. पण त्याला सगळेच तिरके दिसतात.

तिसऱ्या वेळी बाईंनी गाडीच्या चार टायरांचे पैसे एका कॉलमध्ये घातले. मुदतीच्या दिवशी सकाळी तो फायद्यात होता. चष्मेवालीला सुगावा लागला तशी ती ऑफिसातून धावत आली.

“मावशी, आत्ता विका.”

“थांब गं. अजून भिंत लांब आहे.”

दुपारी फायदा निम्मा झाला.

“मावशी, विका म्हणते ना मी. मुदतीच्या दिवशी ऑप्शन बर्फासारखा वितळतो.”

“भिंत दिसू दे. मी ऐनवेळी दाबते की नाही, बघ.”

बाजार बंद व्हायला थोडा वेळ उरला तेव्हा बाईंना भिंत दिसली. त्यांनी मोबाइलवरचं विकायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. पण आता घेणाराच कोणी नव्हता. टायरांचे पैसे पार धुऊन गेले. शिवाय इतक्या जोरात दाबूनही काही न थांबण्याचा अनुभव बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आला. त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर घट्ट टेकलेला होता. चष्मेवालीनं तो पाहिला आणि पाणी आणून दिलं.

दिरांना ही गोष्ट कळायला संध्याकाळ लागली नाही. “वहिनी, टायर कसे आहेत?” असं ते येता-जाता विचारू लागले. बाई म्हणायच्या, “गोल आहेत, भाऊजी.”

आठवडाभर बाईंनी बाजाराचं नाव काढलं नाही. मग एकदा मैदानात चष्मेवालीनं नेहमीप्रमाणे ब्रेक म्हणून ॲक्सिलरेटर दाबला आणि बाईंचा पाय शेजारून पडला. गाडी जागच्या जागी थांबली. बाई वाकून आपल्या पायाखाली बघू लागल्या.

“मावशी? चुकलं माझं.”

“ते नेहमीचंच आहे. मी दुसराच विचार करतेय. हा माझ्या पायाखालचा ब्रेक गाडीबरोबर आलेला नाही. आधी वेगळे पैसे देऊन बसवून घेतलाय. गाडी भिंतीकडे निघाल्यावर कोणी बसवून देत नाही.”

“मग?”

“बाजारात मी ब्रेक घेतलाच नव्हता. नुसता पाय घेऊन गेले होते.” बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. “ते तुझं पुट. माझे शेअर्स नावावर यायचेत. तोवर भाव पडला तरी मला ठरलेला भाव मिळेल, असं पुट घेता येतं?”

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. “मावशी, त्याच्यासाठीच तर ते आहे. बाकी सगळे त्याच्यावर जुगार खेळतात, एवढंच.”

“आणि भाव नाही पडला तर?”

“प्रीमियमचे पैसे गेले.”

“जाऊ देत. या ब्रेकचे पैसे मी कधी परत मागितलेत?”

पुट ठरावीक शेअर्सच्या गठ्ठ्यावर, लॉटवर, मिळतं; नवऱ्याचे शेअर्स बरोबर एका लॉटमध्ये बसत होते, म्हणजे एक पुट पुरत होतं. जवळच्या मुदतीचं स्वस्त होतं, लांबच्या मुदतीचं महाग. बाईंचं दुधानं तोंड पोळलेलं. त्यांनी लांबच्या मुदतीचं घेतलं, परवाना संपण्याच्याही पुढचं. पैसे कुठून आणले? तर त्याच आठवड्यात शाळेत एक नवे गृहस्थ आले होते. गोरटेले, पोट सुटलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, पंप कंपनीचे साहेब. त्यांनी पूर्ण फी आगाऊ मोजली. ती जशीच्या तशी पुटाच्या प्रीमियममध्ये गेली. लाँड्रीवाल्याला हे तेव्हा कळलं असतं, तर त्यानं दोन शर्ट जाळले असते.

चष्मेवालीनं बाईंना एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली. “साहेबांना कंपनीबद्दल चकार शब्द विचारायचा नाही हं, मावशी. तो गुन्हा आहे.”

“अगं, पाटी आहे ना,” बाई म्हणाल्या. साहेबांच्या बाबतीत ती पाटी त्यांनी अक्षरशः पाळली. रोज सकाळी मैदानावर गाडी मागे घ्यायचा सराव. साहेब घामाघूम, बाई शांत. “डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे. आरशात बघा. आरशात स्वतःकडे नाही, मागे बघा.” बोलणं एवढंच.

पण दिरांचे डोळे उघडे होते. कंपनीला मोठं कंत्राट मिळणार, अशी बाजारात हवा होती. दीर गाळ्याशी घुटमळू लागले.

“वहिनी, साहेब काय म्हणतात?”

“क्लच जड आहे म्हणतात.”

“तसं नव्हे. कंत्राटाचं.”

“भाऊजी, पाटी वाचा.”

वहिनी सांगत नाहीत म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं दिरांनी ठरवलं. मग एका सकाळी साहेब गाडीतून हसत उतरले, शीळ घालत चालू लागले, एवढंच काय, लाँड्रीवाल्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. वास्तविक त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मैदानावर मांडलेल्या दोन डब्यांच्या मधून गाडी सरळ मागे घेतली होती. दिरांनी त्या शिळेचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. लाँड्रीवाल्यालाही सांगितला. दोघांनी मिळून पंप कंपनीचे कॉल घेतले, आणि टायरांच्या चौकशा बंद होऊन “वहिनी, तुमचं ते पुट अजून आहे का? फेका ते” असा प्रेमळ सल्ला सुरू झाला.

ज्या सकाळी भाव पडला, त्या सकाळी साहेब गाडी मागे घेत होते. मागे भिंत. साहेबांचा फोन खणखणला. बाई म्हणाल्या, “राहू दे.” साहेबांनी नजर टाकलीच. कंत्राट दुसऱ्याच कंपनीला गेल्याचं जाहीर झालं होतं आणि बाजार उघडताच शेअरचा भाव पाव हिश्शानं उतरला होता. साहेबांच्या तोंडून “अरे देवा” बाहेर पडलं, पाय ॲक्सिलरेटरवर गेला, आणि गाडी मागच्या मागे भिंतीकडे सुटली.

बाईंनी ब्रेक मारला. गाडी थांबली. भिंत शाबूत.

“आमचे शेअर्स पडले हो, बाई,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“आधी हँडब्रेक ओढा. न्यूट्रल करा. आता सांगा.”

साहेबांनी सांगितलं. ऐकता ऐकता इतक्या वर्षांची नवऱ्याची कमाई बाईंच्या डोळ्यांसमोर घरंगळत गेली. मग त्यांचं लक्ष आपल्या पायाकडे गेलं. तो अजून ब्रेकवर होता. “माझेही आहेत त्यात,” बाई म्हणाल्या. “चला, पुन्हा एकदा मागे घेऊ. या वेळी फोन माझ्याकडे द्या.”

शेअर्सचा भाव जितका उतरला, तितकी पुटाची किंमत चढली. त्या दुपारी दीर गाळ्यात आले तेव्हा त्यांचे कॉल मातीमोल झाले होते आणि त्यांचा तिळपापड झाला होता. तरी सल्ला देण्याची हौस फिटलेली नव्हती.

“वहिनी, आज पुट विकून टाका. छप्पर फाडके फायदा आहे. शेअर्स काय, उद्या परत वर येतील. दोन्हीकडून मजा.”

बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं नाही असं नाही. त्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं.

“शेअर्स अजून विकता येत नाहीत,” चष्मेवाली म्हणाली. “आज पुट विकलं आणि भाव आणखी पडला, तर?”

“तर काय, पायाखालचा ब्रेक विकून टायर घेतल्यासारखं,” बाई म्हणाल्या. “नको, भाऊजी. टायर गोल आहेत.”

भाव खरंच आणखी पडला. पुढच्या आठवड्यात आणखी. गल्लीत सुतकी चेहरे, आणि बाई मैदानावर डबे मांडताना गुणगुणत होत्या. खाली शेअर्स जात होते, वर पुट येत होतं, बेरीज जागेवर. फक्त कागद यायचे होते. परवान्याची तारीख जवळ येत होती आणि दीर गाळ्यात किल्लीसाठी खिळाही ठोकून गेले होते, मोबाइलवाल्याला दाखवायला.

कागद आले ते एका धुळीनं भरलेल्या दुपारी. शेअर्स बाईंच्या नावावर झाले होते. पुटाची मुदत अजून बाकी होती. दलालाच्या ऑफिसात चष्मेवालीच्या खुर्चीशेजारी बाई बसल्या. तिथे बसलेला एक अनुभवी गृहस्थ म्हणाला, “मुदतीच्या दिवसापर्यंत थांबा, बाई. अजून वाढेल.”

बाईंच्या डोळ्यांपुढे भिंत आली. तिचे पोपडे इथून दिसत नव्हते, पण भिंत होती.

“विक,” त्या म्हणाल्या. “दोन्ही. एकदम.”

चष्मेवालीनं दोन्ही विकलं. आकडे पडद्यावर आले. बाईंनी फक्त शेवटचा आकडा वाचला आणि पर्समधून गाडीच्या शोरूमचं दरपत्रक काढलं. गाडी, ब्रेक, परवाना, सगळं त्या आकड्यात बसलं. वर जे उरायचं होतं ते पुटाच्या प्रीमियमनं आणि टायरांच्या धड्यानं खाल्लं होतं. बाईंनी चष्मेवालीचा गालगुच्चा घेतला. ऑफिसात सगळ्यांसमोर. ती लाजून चष्म्यामागे लपली.

जुन्या गाडीचा परवाना संपला त्या सकाळी गल्ली रिकामी नव्हती. लाँड्रीवाल्यानं दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडलं होतं. दीर मोबाइलवाल्याला घेऊन गाळ्यापुढे उभे होते. कोपऱ्यावरून पांढरीशुभ्र गाडी वळली. छतावर ‘शिकाऊ’ची पाटी, स्टिअरिंगवर चष्मेवाली, शेजारी बाई, काचा खाली. चष्मेवालीनं गाडी बरोबर गाळ्याच्या दारात आणून उभी केली. तिनं स्वतः ब्रेक दाबला. बाईंचा पाय हललासुद्धा नाही.

मोबाइलवाल्यानं दिरांकडे पाहिलं. दिरांनी किल्लीसाठी पुढे करायचा हात खिशातच ठेवला.

“वहिनी,” ते म्हणाले, “रंग छान आहे.”

“तुमची आठवण ठेवलीय, भाऊजी. तुमच्याच खिळ्याला हिची किल्ली लावणार आहे.”

इतक्यात दिरांच्या मागून त्यांची बायको पुढे आली, फीचं पाकीट हातात. “जाऊबाई, पहिलं नाव माझं लिहा. यांना विचारत बसले तर म्हातारी होईन.” तिनं पाकीट टेबलावर ठेवलं, गाडीचं दार उघडलं, चष्मेवालीला उतरवलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. दीर काही बोलायला गेले, पण तोवर गाडी सुरू झाली होती आणि हुंदके देत का होईना, पुढे चालली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या, पाय दुसऱ्या ब्रेकवर, चेहऱ्यावर असं हसू की लाँड्रीवाल्याच्या हातून खरोखर एक शर्ट जळाला.

पुढे बाईंनी बाजारात पुन्हा पाऊल टाकलं ते क्वचितच, आणि पुट घेतल्याशिवाय कधीच नाही. चष्मेवालीला लायसन्स मिळालं. जाऊ आता दिरांना गाडीतून भाजीबाजारात घेऊन जाते आणि घेऊन येते. दीर शेजारी बसून फरशी दाबतात.

राहता राहिली ती बातमी. साहेब पंप कंपनीच्या कँटीनचे आणि बागेचे प्रमुख होते. कंत्राटाचं त्यांना काहीही माहीत नव्हतं. लायसन्स जुनं होतं, पण गाडी मागे घेता येत नव्हती, आणि हे ड्रायव्हरला कळू नये म्हणून ते काचा वर करून शिकायला येत. त्यांचे स्वतःचे शेअर्सही त्या दिवशी पडले. त्यांच्याकडे पुट नव्हतं.